बॉल बाहेर गेला होता, आणि आम्ही तिथे होतो

मागच्या आठवड्यात कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमबाहेर चहा घेत होतो. शेजारी उभं असलेलं एक पोरगं म्हणालं, "दादा, तुम्ही इंडियाची फुटबॉल मॅच बघायला बाहेरच्या देशात जाता म्हणं. आता कशाला जायचं? राहिलंय काय?"

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये ढाक्यात आपण बांगलादेशाकडून 1-0 हरलो, 2003 नंतर पहिल्यांदाच. त्याआधीच 2027 च्या आशियाई कपची पात्रता हातातून गेली होती. सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं आपल्या संघाचं हेच बघितलं असेल तर तो आणखी काय विचारणार? मी त्याला काहीतरी उत्तर दिलं, पण ते अर्धवट होतं. घरी आल्यावरही डोक्यातून जाईना, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

थोडं मागे जातो. 2018 च्या जूनमध्ये मी नोकरीसाठी मुंबईत होतो. अंधेरीच्या ग्राऊंडवर भारताची चायनीज तैपेईबरोबर मॅच होती. माझ्या खोलीपासून रिक्षानं वीस मिनिटं. मी गेलो नाही. काही कारणही नव्हतं, आळस. भारत 5-0 जिंकला, कॅप्टन सुनील छेत्रीनं हॅटट्रिक केली आणि ती बघायला ग्राऊंडवर माणसं होती 2,569. आमच्याकडे कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ या क्लबांची मॅच असली तर याच्या कितीतरी पट माणसं शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसतात, आणि देशाच्या कॅप्टननं हॅटट्रिक केली तेव्हा मुंबईसारख्या शहरात अडीच हजार! दुसऱ्या दिवशी छेत्रीचा तो व्हिडिओ आला. हात जोडून सांगत होता, या, आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण ग्राऊंडवर या. मी तो व्हिडिओ तीनदा बघितला. तो माझ्याशीच बोलतोय असं वाटत होतं. 4 जूनला केनियाची मॅच होती, छेत्रीची शंभरावी. धो धो पावसात भरलेल्या ग्राऊंडवर मीही उभा होतो. 3-0 जिंकलो. गर्दीतला प्रत्येक जण भिजलेला आणि प्रत्येकाचा आवाज बसलेला. त्या दिवशी ठरवलं, पुन्हा असा व्हिडिओ कुणाला करावा लागला तर निदान तो माझ्यासाठी नसेल.

आता दोहाचं सांगतो.

मार्च 2024. वर्ल्ड कप पात्रतेची दुसरी फेरी. आधी अफगाणिस्तानबरोबर सौदीतल्या अभामध्ये 0-0, मग गुवाहाटीत त्यांच्याचकडून 2-1 अशी हार. छेत्रीची ती दीडशेवी मॅच होती, पेनल्टीवर गोलही त्यानंच मारला होता. त्या रात्री आमच्या चौघांच्या ग्रुपवर कुणीच काही बोललं नाही. रात्री एकच्या सुमारास आमच्यातल्या पीटीच्या सरांचा मेसेज आला: "11 जून. दोहा. कतार. कोण कोण येतंय?"

आम्ही चौघं. सर पाटाकडीलचे, मेडिकल दुकानवाला शिवाजीचा. हे दोघं सीझनमध्ये एकमेकांशी दोन-दोन दिवस बोलत नाहीत. तिसरा गॅरेज चालवतो, आणि चौथा मी. तिकीट, हॉटेल, जेवण असं मिळून माणशी चाळीस हजारांच्या आसपास गेले. आमच्यासाठी ही मोठी रक्कम आहे. गॅरेजवाल्यानं त्यासाठी भिशी उचलली होती.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "हरायला जाताय व्हय रं एवढ्या लांब? हितं बसून मोबाईलवर बघा की." मी गप्प बसलो. मला उत्तर येत नव्हतं.

निघण्याच्या दोन दिवस आधी सरांनी बोर्ड रंगवणाऱ्याकडून एक निळं कापड करून आणलं. दहा फूट लांब, त्यावर पांढऱ्या रंगात एकच शब्द: कोल्हापूर. (तिरंग्यावर काही लिहायचं नसतं, म्हणून वेगळं कापड. ग्राऊंडवर तिरंग्यावर गावाचं, क्लबचं नाव लिहिलेलं मी बऱ्याचदा बघतो. कृपा करून असं करू नका.) रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबई, तिथून चार तासांचं विमान. बॅगेत ते कापड आणि दोन किलो भडंग. दोहात विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि समोरून भट्टीचं तोंड उघडल्यासारखी हवा आली. जून महिना, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. आम्ही नजमा भागात उतरलो होतो. खाली केरळी हॉटेल, चहाची टपरी. तिथं चहाला 'करक' म्हणतात, म्हणजे आपलाच कडक. गॅरेजवाल्याला हे कळल्यावर त्यानं एका बैठकीत चार घेतले.

मेट्रोची गोल्ड लाइन पकडून अल सुदान स्टेशनला उतरलो. दोन रियालचं तिकीट. तिथून जासिम बिन हमद स्टेडियम चालत गाठता येतं. संध्याकाळ होत आली होती आणि रस्त्यानं निळे टी-शर्ट येत होते. जास्त करून मल्याळी पोरं, काही बंगाली, काही हैदराबादी. बरेच जण ड्युटीवरून थेट आलेले, कंपनीच्या पँटवर भारताची जर्सी. आम्ही फुटपाथवर कापड उलगडून बघत होतो, घडीच्या रेषा मोडत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "कोल्हापूरचे काय तुम्ही?"

साधारण पंचेचाळिशीचा माणूस. खेडचा. अकरा वर्षं दोहात एसी दुरुस्तीचं काम करतो. त्यानं त्या कापडावरच्या 'को'वरून हात फिरवला. "इथं मराठी अक्षरं एवढी मोठी पहिल्यांदा बघितली," म्हणाला. आम्ही फक्त मॅचसाठी आलोय, कामासाठी नाही, नातेवाइकांकडे नाही, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. आत बाहेरचं खाणं नेता येत नाही, म्हणून भडंगाची पिशवी तिथंच फुटपाथवर फोडली. खेडचा माणूस, दोन मल्याळी पोरं, आम्ही चौघं. लसणाच्या पाकळ्या कुणी वेचून खाल्ल्या ते सांगत नाही.

मॅचचं गणित साधं होतं. जिंकलो की तिसरी फेरी, जिथं भारत कधीच पोचलेला नव्हता. समोर आशियाई विजेते, पण त्यांचं पुढं जाणं आधीच पक्कं झालेलं, म्हणून त्यांनी बरीच नवी पोरं उतरवली होती. छेत्री पाच दिवसांपूर्वी कोलकात्यात निवृत्त झालेला. कॅप्टन गोलकीपर गुरप्रीत. छेत्री नसलेला भारत बघायची सवय आमच्या डोळ्यांना नव्हती.

37 व्या मिनिटाला ब्रँडनचा पास आणि छांगटेचा गोल. एक मडगावचा, दुसरा मिझोरामचा आणि मुंबई सिटीचा. त्या क्षणी आमच्या रांगेत काय झालं ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की पाटाकडीलचे सर आणि शिवाजीचा मेडिकलवाला एकमेकांच्या गळ्यात होते आणि सरांचा चष्मा खाली पडला होता. आमच्यातला एक पाणी आणायला गेला होता म्हणून कापडाचं चौथं टोक खेडच्या माणसाच्या हातात होतं. त्यानं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

मग 73 वं मिनिट.

फ्री किक आली, हेडर झाला, गुरप्रीतनं अडवला, बॉल रेषेकडे सरकला. आम्ही लांबच्या बाजूला होतो. मला दिसलं ते एवढंच की आपली पोरं थांबली, हात वर गेले आणि त्यांच्या एकानं बॉल आत ओढला, दुसऱ्यानं जाळ्यात मारला. रेफरी लाइन्समनशी बोलला. गोल. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हतं. आमच्या स्टँडमध्ये कुणालाच खात्री नव्हती. कुणी म्हणे ऑफसाइड, कुणी म्हणे हँड. मग सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. मला पहिला मेसेज कोल्हापूरहून आला, पुतण्याचा: "काका बॉल बाहेर गेलता!!!" पाठोपाठ स्क्रीनचा फोटो. बॉल रेषेपलीकडे, मधे हिरवं गवत स्पष्ट दिसतंय. जवळपास अडीच हजार किलोमीटर लांब बसलेल्या पोराला जे कळलं ते ग्राऊंडवरच्या माणसांना सगळ्यात शेवटी कळलं.

85 व्या मिनिटाला दुसरा गोल झाला. 2-1. तिकडे कुवेत जिंकला आणि आपण बाहेर. फेडरेशननं नंतर चौकशीची मागणी केली, पण निकाल काही बदलला नाही.

यानंतर मी जे म्हणतोय ते चहा घेताना भेटलेल्या त्या पोरासाठी आहे, आणि माझ्या वयाच्या त्या सगळ्यांसाठी ज्यांच्या हातात आता थोडा पैसा आलाय.

आपल्याकडून दरवर्षी कितीतरी लोक युरोपात मॅच बघायला जातात. माझेही मित्र जातात. स्टेडियमची टूर करतात, स्कार्फ घेतात, फोटो टाकतात. जा, जरूर जा, त्या खेळाची उंची डोळ्यांनी बघण्यासारखीच आहे. पण तिथं साठ हजारांत तुम्ही नसलात तर कुणाला काहीही फरक पडत नाही. तुमच्या खुर्चीवर दुसरा बसतो. भारताची अवे, म्हणजे दुसऱ्याच्या घरची, मॅच तशी नसते. तिथं माणसं मोजता येतात. तुम्ही गेला नाहीत तर ती खुर्ची रिकामी राहते, आणि ती रिकामी खुर्ची खेळणाऱ्याला दिसते. दोहात वॉर्मअपच्या वेळी आपला एक खेळाडू कॉर्नरकडे बॉल आणायला आला, त्यानं मान वर करून आमच्या कापडाकडे बघितलं आणि ओठांनी 'कोल्हापूर' असं वाचलं. आवाज आला नाही, ओठ हलले. तो कोण होता हे मी लिहीत नाही, कारण कदाचित त्याला आठवतही नसेल. मला मरेपर्यंत आठवेल.

आणि आपल्यासाठी तर तसाही भारताचा जवळपास प्रत्येक सामना अवेच असतो. कोलकाता, गुवाहाटी, भुवनेश्वर, कोची, शिलाँग. कोल्हापूरसारखं फुटबॉलवेडं गाव, अंडर-17 वर्ल्ड कपला अनिकेत जाधवसारखा पोरगा देणारं गाव, आणि देशाचा संघ इथं खेळताना आमच्या पिढीनं बघितलेला नाही. मग जायचं कुणी? संघ आपल्याकडे येत नाही म्हणून रुसून बसायचं, की आपण त्याच्याकडे जायचं? मी तरी जाणार.

ऑक्टोबर 2025 मध्ये सिंगापूरला आम्हाला जाता आलं नाही. सरांच्या शाळेत परीक्षा होत्या. दहा जणांवर आलेल्या भारताला 90 व्या मिनिटाला रहीम अलीनं बरोबरी करून दिली तेव्हा आम्ही गॅरेजमध्ये मोबाईलभोवती उभे होतो. आनंद झाला, पण छातीत काहीतरी टोचत राहिलं. पाच दिवसांनी सिंगापूरबरोबरच्याच दुसऱ्या मॅचला गोव्यात फातोर्ड्याला गाडी काढून गेलो. आपल्याच घरी 2-1 हरलो, आशियाई कप गेला. फोंडा घाट चढताना गाडीत कुणी बोलत नव्हतं. पण आम्ही गाडीत होतो, चौघंही होतो, आणि एवढ्या वर्षांत मला कळलंय की हरल्यानंतरचा परतीचा रस्ता एकट्यानं घरात सोफ्यावर बसून काढायचा नसतो. तो मित्रांबरोबर काढायचा असतो. मेडिकलवाल्यानं त्या घाटात, अंधारात, काहीही कारण नसताना सरांना पाण्याची बाटली पुढं केली. दुसऱ्या दिवशी लीगवरून त्यांचं भांडण पुन्हा चालू झालं.

दोहात त्या रात्री मेट्रोत खेडचा माणूस आमच्याबरोबरच होता. त्याची सकाळी पाचची ड्युटी. कापडाची घडी त्यानंच घातली, कोपऱ्याला कोपरा लावून, आपण लग्नाच्या बस्त्यातली शाल घडी घालतो तशी. त्याचं स्टेशन आलं तेव्हा म्हणाला, "परत या. मी सुट्टी टाकीन." दार बंद झाल्यावरही तो फलाटावर उभा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापुरात घरी पोचलो. आई अंगणात होती. मी चपला काढल्या, बॅग ठेवली, काही बोललो नाही. तिनं आधी पाणी दिलं. मग पदराला हात पुसत म्हणाली, "पुतण्याच्या मोबाईलवर बघितली मी सगळी. अर्ध्यातनं उठले न्हाई." थोडं थांबली. "बॉल बाहेर गेलता की रं."

"हो आई."

"मग तुम्ही ओरडला न्हाई का?"

"ओरडलो."

"बरं केलंसा," म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.