पूर्णविराम जपून वापरा, शक्यतो वापरूच नका

इंग्रजीत काही लिहायला बसलात की आधी पूर्णविराम कुलपात टाका. ते टिंब दिसायला एवढंसं, पण भारी उद्धट असतं. समोरच्याला तोंडावर सांगतं, संपलं, चला! आपण पडलो भिडस्त. आपल्याला स्वल्पविरामच शोभतो.

तेव्हा 'द मीटिंग वॉज कॅन्सल्ड, नोबडी टोल्ड मी' असं बेधडक लिहा. दोन्ही भागांना स्वतःचा कर्ता आहे, स्वतःचं क्रियापद आहे, ते एकेकटे उभे राहू शकतात, ही कुरकुर व्याकरणवाल्यांची. ते याला 'कॉमा स्प्लाइस' म्हणतात आणि मध्ये पूर्णविराम घाला, नाहीतर अर्धविराम, नाहीतर स्वल्पविरामापुढे 'बट' जोडा म्हणतात. एवढ्या पर्यायांतून निवडत बसायचं कधी, आणि मेल पाठवायचा कधी? त्यातून अर्धविराम तर कोड लिहिणाऱ्यांसाठी आणि चॅटवर डोळा मारणाऱ्यांसाठीच राखीव असतो.

स्वल्पविरामही जड होत असेल तर तोही काढून टाका. 'इट रेन्ड वी लेफ्ट.' झालं! अशी दोन पूर्ण वाक्यं मध्ये काहीच न घालता चिकटवली की व्याकरणवाले त्याला 'रन-ऑन' म्हणतात. रन-ऑन म्हणजे लांबलचक वाक्य, हा आपला लाडका समज आहे, तो मोडू देऊ नका. चार शब्दांचं वाक्यही रन-ऑन असू शकतं आणि शंभर शब्दांचं निर्दोष, हे कळलं तर नुसती लांबी मोजून भागणार नाही, क्रियापदं शोधावी लागतील.

त्यापेक्षा श्वास बरा. जिथे दम लागेल तिथे स्वल्पविराम. जिना चढून आल्या आल्या लिहायला बसलात तर थोडे जास्त पडतील, पडू देत. या पद्धतीला परंपरासुद्धा आहे. इसवी सनपूर्व २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा ग्रंथपाल, बायझँटियमचा ॲरिस्टोफेनिस, ग्रीक मजकुरात वर, मध्ये आणि खाली टिंबं देत असे, ती मोठ्याने वाचणाऱ्याने कुठे किती थांबायचं हे कळावं म्हणूनच. मधल्या दोन हजार वर्षांत माणसं मनातल्या मनात वाचायला लागली आणि टिंबं व्याकरणाच्या ताब्यात गेली. ही बातमी तुमच्यापर्यंत पोचलेलीच नाही, असं वागा.

मजकूर भारदस्त दिसायला हवा असेल तर 'बट' खोडून 'हाउएव्हर' बसवा: 'वी अप्लाइड, हाउएव्हर, दे रिफ्यूज्ड.' दोन्ही बाजूंना स्वल्पविराम, म्हणजे कसं, अंगरक्षक घेऊन चालल्यासारखं. फक्त तो शब्द हलवून पाहू नका. 'दे, हाउएव्हर, रिफ्यूज्ड' असा तो खुशाल जागा बदलतो. 'बट'ला तसं करता येत नाही. म्हणजे 'हाउएव्हर' वाक्यं जोडतच नाही, नुसता मिरवतो, हे उघड होईल आणि त्याच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम द्यायची पाळी येईल.

एवढं करूनही कोणी लाल पेन चालवलंच, तर रुसून उलट्या टोकाला जा. 'बिकॉज'ने वाक्य सुरू करायचं नसतं, असं लहानपणी बजावलेलं असतंच. त्या आज्ञेला स्मरून 'बिकॉज द सर्व्हर वॉज डाउन, वी वेटेड' हे धडधाकट वाक्य मोडा आणि 'वी वेटेड. बिकॉज द सर्व्हर वॉज डाउन.' करा. आज्ञाही मोडली, वाक्यही मोडलं. पाठोपाठ 'व्हिच वॉज अनफॉर्च्युनेट.' एवढंच एकटं सोडून द्या. जाहिरातवाले असे तुकडे मुद्दाम टाकतात, तुमचे आपोआप पडतील.

लिहून झाल्यावर मजकूर शेवटच्या वाक्यापासून उलटा वर वाचत जाऊ नका. तसं वाचलं की प्रत्येक वाक्य शेजाऱ्याच्या आधाराशिवाय उभं करावं लागतं, आणि लंगडं कोण ते लगेच दिसतं.

तरी कोणी पकडलंच तर सीझरला पुढे करा. 'आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड' चालतं ना? ते तुकडे छोटे, एकाच घडणीचे आणि एकाच कर्त्याचे आहेत म्हणून खपतात, हे सांगू नका. तुमच्या नऊ ओळींच्या रजेच्या अर्जात तिन्हींपैकी काहीच नाही, हेही.