‘टोकन देऊ दिलं नाही’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आम्ही पहिल्याच भेटीत एक टक्का दलाली कागदावर लिहून घेतली, पसंत पडलेल्या प्लॉटचं टोकन (म्हणजे विसाराची आगाऊ रक्कम) देऊ दिलं नाही, आणि तो प्लॉट दुसऱ्यानं नेला. वर ‘जळगावात बाकीचे एजंट फुकट दाखवतात’ असंही.

आधी टोकनचं बोलतो, कारण खरा राग तिथेच आहे. त्या सातबाऱ्यावर मालकाच्या जोडीला त्याच्या दोन बहिणींची नावं आहेत. (मालक ओळखू येऊ नये म्हणून शिवाराचं नाव इथे टाकत नाही.) तुमच्यासमोरच तो म्हणाला, ‘बहिणी आखाजीला माहेरी येतील, तेव्हा सह्या होऊन जातील.’ होतीलही. पण २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, आणि इथे तर नावंच लागलेली. बहिणींनी खरेदीखतावर सही करायला हवी, नाहीतर हक्कसोडपत्र तरी रजिस्टर व्हायला हवं. त्याआधी एकट्या भावाच्या हातात पैसे देणं म्हणजे त्यांच्या घरच्या वाटणीत आपण जाऊन बसणं. बिनशेतीचा आदेश आणि लेआउटचा मंजूर नकाशाही मागितला होता. ‘देतो, देतो’ पलीकडे काही हाती आलं नाही. अशा कागदावर मी माझ्या सख्ख्या भावालाही विसार देऊ दिला नसता. प्लॉट गेला याचं तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे, माझा सल्ला मात्र आजही तोच आहे.

आता फुकटचं. आपल्याकडे ‘मालकाला नेट भाव, वरचं माझं’ ही पद्धत सर्रास चालते. मालकाला किती मिळाले आणि तुम्ही किती दिले, यातला फरक घेणाऱ्याला कळतच नाही. असा एजंट तुमच्यासाठी भाव पाडायला का बसेल? आम्ही एक टक्का घेतो, तो खरेदीखत झाल्यावर. विकणाऱ्याकडूनही घेत असू तर ते त्याच कागदावर लिहिलेलं असतं. तुमच्या प्रतीतही आहे, दुसऱ्या परिच्छेदात. व्यवहार झाला नाही म्हणून तुमच्याकडून एक रुपयाही घेतलेला नाही, हे रिव्ह्यूत राहून गेलं.

तुम्ही दुसरा एजंट बघताय असं लिहिलंय, जरूर बघा. नव्या स्कीममधलं घर किंवा प्लॉट दाखवत असेल तर त्या एजंटचा महारेरा नंबर (राज्याच्या रिअल इस्टेट प्राधिकरणाकडच्या नोंदणीचा) मागून वेबसाइटवर तपासा. २०२३ पासून एजंटांना त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची आहे. पण जुन्या लेआउटमधल्या रीसेल प्लॉटला नुसत्या नंबरचा फारसा आधार नाही. तिथे वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजाच्या जुन्या नोंदींचा तपास, घ्या, तोही एजंटनं सुचवलेल्या वकिलाकडून नको, तुमच्या ओळखीच्या वकिलाकडून. आमच्याही बाबतीत हेच सांगतो. आणि ‘आत्ता नोटरी करून ठेवू, खरेदी नंतर बघू’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. नोटरीच्या सौदापावतीनं प्लॉट नावावर होत नाही, बँकही त्यावर कर्ज देत नाही.

त्या प्लॉटचा सातबारा आणि फेरफाराच्या नकला तुमच्या नावाच्या फाइलमध्ये ठेवल्या आहेत. दुपारी दोननंतर कधीही या, वकिलांना दाखवायला घेऊन जा. त्याचे पैसे नाहीत.