‘दहा वर्षं भरा, विसाव्या वर्षी दुप्पट’: या मेसेजमधला एकेक दावा

मार्च जवळ आला की घराघरांतल्या ग्रुपवर बचतीच्या विमा पॉलिसीचा हा मेसेज फिरू लागतो: ‘दरवर्षी १ लाख, फक्त दहा वर्षं. विसाव्या वर्षी २० लाख, गॅरंटीड. टॅक्स फ्री. विमा फुकट. एफडीत टॅक्स कापतात. गरज पडली तर कधीही काढा.’ मुलीच्या लग्नासाठी, मुलाच्या शिक्षणासाठी म्हणून लोक खरोखर सही करतात. म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

‘पैसे दुप्पट.’ १० लाखांचे २० लाख होतात, हे खरं. पण किती वर्षांत? पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा वर्षं. या व्यवहाराचा वार्षिक परतावा निघतो जेमतेम ४.५ टक्के. स्वतः पडताळून पाहा. मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये एकाखाली एक दहा ओळींत उणे १,००,०००, पुढच्या दहा ओळींत शून्य आणि एकविसाव्या ओळीत २०,००,००० लिहा. मग आयआरआरचं, म्हणजे वार्षिक परतावा काढणारं सूत्र लावा. इथे एक चूक हमखास होते: मधल्या दहा ओळींत शून्य न लिहिता त्या मोकळ्या सोडल्या जातात. मोकळ्या ओळी सूत्र धरतच नाही, त्यामुळे दहा वर्षांची वाट पाहणं हिशेबातून गळून जातं आणि उत्तर १२ टक्क्यांच्या वर येतं. कुणी एवढा मोठा आकडा दाखवला, तर आधी त्या ओळी बघा.

आता हेच पैसे पीपीएफमध्ये, म्हणजे पंधरा वर्षं मुदतीच्या सरकारी बचत खात्यात टाकले तर? दरवर्षी ५ एप्रिलच्या आत १ लाख, दहा वर्षं. त्यानंतर मुदत संपेपर्यंत खातं चालू ठेवायला वर्षाला ५०० रुपये. मुदतीनंतर पैसे न भरता तसंच चालू. एप्रिल २०२० पासूनचा ७.१ टक्के दर कायम राहिला तर विसाव्या वर्षाअखेर सुमारे साडेएकोणतीस लाख होतात. हा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, तो कमीही होऊ शकतो. वीसही वर्षं ६ टक्केच मिळाले असं धरलं, तरी रक्कम २५ लाखांवर जाते.

‘विमा फुकट.’ अशा पॉलिसीत विम्याचं संरक्षण बहुधा वार्षिक हप्त्याच्या दहापट, म्हणजे इथे १० लाख. महिना ४०,००० खर्च असलेल्या घराला ते पंचवीस महिने पुरतील. कमावता माणूस गेल्यावर पंचवीस महिने! आणि तेही फुकट नाही, त्याची किंमत कमी परताव्यातून वसूल होते. वेगळं करून बघा: ५० लाखांच्या वीस वर्षांच्या टर्म विम्याला (माणूस मुदतीत गेला तरच पैसे देणारा निव्वळ विमा) वर्षाला ७,५०० रुपये लागतात असं धरू (वय, तब्येत, तंबाखूची सवय यांवर हे बदलतं, स्वतःचं कोटेशन घ्या). वीस वर्षांचे झाले दीड लाख. म्हणजे पहिली दहा वर्षं १ लाखातले १५,००० टर्मसाठी बाजूला ठेवायचे आणि ८५,००० पीपीएफमध्ये टाकायचे. ७.१ टक्क्यांनी २५ लाख हाती येतात, आणि मधल्या काळात घराला ५० लाखांचं कवच.

‘टॅक्स फ्री.’ अटींसह खरं. वार्षिक हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांहून जास्त नको. आणि १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचे हप्ते मिळून वर्षाला ५ लाखांच्या वर गेले, तर मुदतपूर्तीच्या रकमेतल्या नफ्यावर कर लागतो. पण पीपीएफचं व्याजही करमुक्तच आहे.

‘एफडीत टॅक्स कापतात.’ टीडीएस हा आगाऊ कापलेला कर. देणं लागत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो. ६.५ टक्क्यांच्या एफडीवर २० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाच्या हातात कर आणि सेस जाऊन ५.१५ टक्के राहतात. ३० टक्केवाल्याला मात्र साडेचारच्या आसपास, म्हणजे पॉलिसीइतकेच. तेवढ्यांपुरता मेसेजचा मुद्दा बरोबर आहे.

‘कधीही काढा.’ सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार वर्षभराचा हप्ता भरल्यावर पॉलिसी सोडली तरी काही रक्कम परत मिळते, पण सुरुवातीच्या वर्षांत ती भरलेल्यापेक्षा बरीच कमी असते. पॉलिसी हातात येऊन ३० दिवस झाले नसतील तर फ्री लूकमध्ये, म्हणजे पॉलिसी वाचून परत करायच्या मुदतीत, परत करा. स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे वजा होऊन बाकीचे मिळतात.

जुनी पॉलिसी असेल तर रागाच्या भरात सरेंडर करू नका, म्हणजे मुदतीआधी मोडू नका. समजा तीन हप्ते भरलेत आणि सरेंडरला १,०५,००० मिळतायत. हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे न मोडता तशीच चालू ठेवली, आणि भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात ६ लाख विसाव्या वर्षी मिळणार असतील, तर त्या १,०५,००० वर पुढची सतरा वर्षं वर्षाला १० टक्क्यांहून जास्त परतावा पडतो. उरलेले सात हप्ते भरून मिळणाऱ्या जादा १४ लाखांवर मात्र ५ टक्केच. म्हणजे या आकड्यांत पेड-अप करून उरलेले हप्ते पीपीएफकडे वळवणं सरस ठरतं. तुमचे आकडे वेगळे असतील, कारण काही पॉलिसींत पेड-अप झाल्यावर हमीची वाढ थांबते. शाखेत अर्ज देऊन आजची सरेंडर रक्कम, पेड-अप केल्यास मुदतीअखेर मिळणारी रक्कम आणि पेड-अपनंतर उरणारं विमा संरक्षण, तिन्ही लेखी मागा. आणि टर्म विमा लागू झाल्याशिवाय जुन्या पॉलिसीचा हप्ता थांबवू नका.