नटराज, पेन्सिल आणि माझी दाढ

माझं पेन अजून परत मिळालेलं नाही. आज चौथा दिवस.

लेक म्हणते, "आई, दोन डॉलरला डझनभर मिळतात." मिळत असतील. पण हे पेन मी साताऱ्याहून आणलं होतं. आणि ते हरवलं नाही, घेतलं गेलं. एका वीस वर्षांच्या मुलीने "थँक यू सो मच" असं तीनदा म्हणत ते चिमटीत धरलं, प्लास्टिकच्या पिशवीत टाकलं आणि पिशवीवर चिठ्ठी चिकटवली. पंचनाम्यात सुरा ठेवतात तशी.

लेक अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संशोधन करते. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण तिची फेलोशिप अजून दीड वर्षं आहे. या लोकांचं स्वतःचं कलासंग्रहालय आहे. प्रवेश फुकट, आणि शनिवारी 'दालनात बसून रेखाटन' हा सर्वांसाठी खुला कार्यक्रम. जाहिरातीत लिहिलं होतं, 'चित्रकलेचा अनुभव नसला तरी चालेल.' मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला किती पोरं बसवली त्याचा हिशोब नाही. म्हटलं, आपलंही चालेल.

दारातच सॅक पाठीवरून काढून पोटावर लावायला सांगितली. वळताना मागच्या मूर्तीला धक्का लागू नये म्हणून. मग पेन गेलं. शाईचा ठिपका उडाला तर निघत नाही, हे मला कळतं. पोस्टर कलरच्या तासानंतर पोरांचे पांढरे सदरे मी पाहिलेत आणि त्यांच्या आयांचे चेहरेही. पण बदल्यात जी पेन्सिल मिळाली ती बोटाच्या दोन पेरांएवढी होती. एचबी, टोक मोडलेली. शार्पनर मागितला तर कळलं की त्यात पातं असतं, म्हणून तो आत न्यायचा नाही. एचबीने छायाप्रकाश करणाऱ्या पोराला मी बाकावर उभं केलं असतं. आता मीच सॅक पोटाशी धरून, घडीच्या स्टुलावर, ते थोटुक घेऊन बसले होते.

समोर कोण? नटराज. चोळांच्या धाटणीचा, ब्रॉन्झचा, आधी मेणात घडवून मग ओतलेला. आयुष्यभर नटराजने चित्रं काढली, आता नटराजाचंच काढायचं तर हातात भलतीच कंपनी.

मूर्तीखालच्या पाटीवर शतक होतं, धातू होता, 'देणगी' असा शब्द होता. तामिळनाडूतून ही इथवर कशी आली, त्याबद्दल पाटीचं मौनव्रत. आता असाच एक नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये पन्नास लाख डॉलर मोजून घेतला होता. तो देवळातून चोरलेला निघाला आणि २०१४ मध्ये त्यांच्या पंतप्रधानांनी तो स्वतः दिल्लीत आणून दिला. या मूर्तीबद्दल मी काही म्हणत नाही. पाहुणी आहे. पण ज्यांना माझ्या पेनाचा एवढा संशय येतो, त्यांच्या पाटीवर दोन ओळी जास्त चालल्या असत्या.

देणगीवरून आठवलं. अमेरिकेत विद्यापीठांच्या कलादालनांतलं सगळ्यात जुनं येलचं. १८३२ मध्ये जॉन ट्रम्बुल नावाच्या चित्रकाराने आपली शंभराच्या आसपास चित्रं येलला दिली आणि बदल्यात काय मागितलं? पेन्शन. वर्षाला हजार डॉलर, मरेपर्यंत. शिवाय मेल्यावर आपल्याला चित्रांखालीच पुरावं, अशीही अट घातली, आणि आज तो खरंच तिथल्या दालनाच्या इमारतीखाली आहे. चित्रकाराने पेन्शनचा करार आधी केला आणि मग चित्रं दिली, हे वाचून मला त्याच्याबद्दल जो आदर वाटला तो त्याची चित्रं बघून वाटला नव्हता. आमच्याकडे १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या शिक्षकांना जुनी पेन्शन नाही. शाळेत माझ्या जागी आलेली मुलगी तासाला चित्र काढून दाखवते आणि संध्याकाळी मोर्चाला जाते. तिच्याकडे येलला द्यायला शंभर चित्रं नाहीत. असो.

तर, त्या पेनवाल्या मुलीनेच सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात पाहणी केली, तेव्हा एका कलाकृतीपुढे लोक सरासरी फक्त सत्तावीस सेकंद थांबतात असं आढळलं म्हणे. उलट हार्वर्डच्या एक प्राध्यापिका विद्यार्थ्यांना एकाच चित्रासमोर तीन तास बसवतात. आपण चाळीस मिनिटं बसू. मी मनात म्हटलं, सत्तावीस सेकंदांत आमच्याकडे तपासणीला आलेले साहेब शाळेचं अख्खं प्रदर्शन बघून चहाला पोचायचे.

एवढ्यात डावीकडे एक आजोबा येऊन बसले. ऐंशीच्या पुढचे. स्टूल स्वतःचं. पेन्सिलींचा डबाही स्वतःचा, सातही पेन्सिली टोकदार, आणि त्यातली एकही त्यांनी देऊ केली नाही.

"पहिल्यांदाच?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी अकरा वर्षं येतोय. घाबरू नका. इथे कुणाच्या चित्राला कुणी वाईट म्हणत नाही."

मी सांगितलं, मी चित्रकलेची शिक्षिका होते. ते म्हणाले, "हाउ स्वीट!"

ते 'स्वीट' अजून माझ्या घशात अडकलंय.

दहा मिनिटं शांततेत गेली. मी कमरेचा बाक धरला, प्रभावळीचं वर्तुळ घेतलं. मग आजोबा माझ्याकडे झुकले. "पायाखाली आहे तो कोण?"

"अपस्मार. म्हणजे अज्ञान."

"अज्ञान!" ते खूश झाले. "बेचाळीस वर्षं मी हा चेहरा वरून बघितलाय. मी दातांचा डॉक्टर होतो."

मला वाटलं, विषय संपला. पण तो तिथून सुरू झाला.

"बघा ना. हा आडवा पडलाय, याला उठता येत नाही. आणि वर जो उभा आहे तो शांत. एका हातात हे खडखड वाजणारं काय आहे?"

"डमरू."

"ते ड्रिल. दुसऱ्या हातात आग, ती दुखणाऱ्या दाताची. आणि हा पुढचा हात काय करतोय?"

"अभय देतोय. भिऊ नका, असं."

"तेच तर!" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की कोपऱ्यातल्या पहारेकऱ्याने मान वळवली. "दिवसातून वीस वेळा मी तेच करायचो. भिऊ नका. आणि हा चौथा हात? आम्हाला चौथा हात नेहमी कमी पडायचा हो!"

मला राग आला. जास्त राग याचा की अभयमुद्रेचं इतकं चपखल वर्णन मी एकतीस वर्षांत एकदाही वर्गात केलं नव्हतं. म्हणून मग मी शिक्षिकेच्या आवाजात सुरू झाले. सृष्टी, स्थिती, लय, उचललेला डावा पाय म्हणजे अनुग्रह, भोवतीच्या ज्वाळा म्हणजे विश्व. ते अगदी तल्लीन होऊन ऐकत होते. डोळे माझ्या चेहऱ्यावरून हलत नव्हते. वाटलं, चला, देशाबाहेर एक तरी विद्यार्थी मिळाला.

मी 'तिरोभाव' हा शब्द कसा समजवावा म्हणून थांबले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "खालची डावी, मागून दुसरी. चांदी निघालीय. दाखवून घ्या."

पुढची वीस मिनिटं मी तोंड मिटून चित्र काढलं.

शेवटी सगळ्यांना गोल करून बसवलं. ही पद्धत ठरलेली असते. इथे काय चाललंय? असं कशावरून म्हणता? आणखी काय दिसतं? कुणी काहीही सांगो, उत्तर एकच, "इंटरेस्टिंग." एक बाई म्हणाल्या, त्यांना यात ऑक्टोपस दिसतो. इंटरेस्टिंग. आजोबांचं चित्र आलं. त्यात चार हात, एक खुर्ची, आणि प्रभावळीच्या जागी डोक्यावरचा गोल दिवा. टाळ्या पडल्या. मग माझं. ती मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "किती अचूक! पण पुढच्या वेळी स्वतःला थोडं सैल सोडून बघा हं."

एका मोडक्या एचबीने प्रमाण साधलं होतं मी. सैल सोडायला मी काय इजार आहे?

वर तिने विचारलं, "तुमच्या संस्कृतीत याचं स्थान काय?" अकरा माना माझ्याकडे वळल्या. आता मूर्तीपेक्षा माझ्यावर उजेड जास्त होता. मी सांगितलं, आमच्या साताऱ्यात नटराजाचं देऊळ आहे, चिदंबरमच्या धर्तीवर बांधलेलं.

"वॉव! किती जुनं?"

"माझ्या डोळ्यांदेखत झालंय."

माना परत फिरल्या. ज्या देवळात आज सकाळी दिवा लागला, ते यांच्या कामाचं नाही. आधी ते हजार वर्षं जुनं व्हायला हवं, मग कुणाच्या तरी देणगीतून इथे यायला हवं.

बाहेर पडले तर पेनांचं टेबल उचललेलं, मुलगी गेलेली. सोमवारी फोन केला. म्हणाले, हरवलेल्या वस्तूंचा फॉर्म भरा. त्यात रकाने आहेत : वस्तूचं वर्णन, रंग, अंदाजे किंमत. देणगी आहे का, हा रकाना तेवढा नव्हता.

त्यांची पेन्सिल माझ्या पर्समध्येच राहिलीय. स्वयंपाकघरातल्या सुरीने टोक काढून ठेवलंय.

काल रात्रीपासून खालची डावी, मागून दुसरी, ठणकतेय. लेकीने माझ्या प्रवासाच्या विम्याचे कागद दोनदा वाचले. त्यात दात नाहीत. परतीचं तिकीट सतरा तारखेचं आहे, तोवर लवंग.