पिवळी पट्टी घालवण्याआधी

जुलै उजाडला की आमच्या करसल्लागाराच्या कार्यालयात अशिलांच्या एक्सेल फाइलींचा ईमेलवरून नुसता पाऊस पडतो, आणि त्यातली प्रत्येक फाइल उघडताना वर तीच पिवळी पट्टी येते: 'प्रोटेक्टेड व्ह्यू' (म्हणजे फाइल फक्त वाचण्यापुरतीच उघडलेली), आणि शेजारी 'एनेबल एडिटिंग'चे बटण. काही सॉफ्टवेअरमधून काढलेल्या तक्त्यांत तर ते बटण दाबेपर्यंत बेरजेच्या जागी शून्यच दिसते. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने यावर उपाय म्हणून एक्सेलच्या सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये, म्हणजे 'ट्रस्ट सेंटर'मध्ये, जाऊन 'डाउनलोड्स' हा अख्खा फोल्डरच 'ट्रस्टेड लोकेशन्स'मध्ये, म्हणजे जिथल्या फाइली न अडवता उघडतात अशा जागांत, घातला. सगळे खूश झाले. दुसऱ्या दिवशी मी तो काढायला लावला आणि कटकटी ठरले.

एक्सेल आपल्या रोजच्या वापरातले, मग ही झडती कशाला, असे त्याचे म्हणणे. पण ही पट्टी एक्सेलवर संशय घेतच नाही. फाइल कुठून आली एवढेच ती पाहते. ब्राउझरने उतरवलेल्या फाइलीला विंडोजमध्ये 'झोन आयडेंटिफायर' नावाची छोटीशी नोंद चिकटते, आणि तीत ३ हा आकडा असला की फाइल इंटरनेटवरची, असे ऑफिस २०१० पासूनची वर्ड-एक्सेल समजतात. (नेहमीच्या पेनड्राइव्हवर ही नोंद टिकत नाही. त्यामुळे तीच फाइल पेनड्राइव्हवरून आणली की बिनबोभाट उघडते, आणि लोकांना पेनड्राइव्ह अधिक सुरक्षित वाटतो!)

१९९९ मध्ये 'मेलिसा' हा व्हायरस पसरला तो वर्डच्याच मॅक्रोमधून, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून, आणि आउटलूक या ईमेल प्रोग्रॅमच्या पत्त्यांतल्या पहिल्या ५० जणांना स्वतःला पाठवत. वर्ड तेव्हाही विश्वासातलेच होते. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने मुळातच अडवायला सुरुवात केली ती २०२२ मध्ये, आणि माझ्या मते फारच उशिरा. 'ट्रस्टेड लोकेशन'मधल्या फाइलीचे मॅक्रो मात्र आजही काही न विचारता चालतात. म्हणजे जिथे कोणाचीही फाइल येऊन पडते, नेमक्या त्याच फोल्डरचा पहारा आम्ही उठवला होता.

मलाही दर वेळी बटण दाबण्याचा कंटाळा येतोच. म्हणून आम्ही स्वतः तयार केलेल्या नमुन्यांसाठी, ज्यात बाहेरचे काहीही ठेवायचे नाही असा एक वेगळा फोल्डर केला आणि तेवढाच विश्वासातला मानला. अशिलाची फाइल आली आणि ती त्यानेच पाठवल्याची खात्री झाली, की फाइलीवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि 'जनरल'च्या अगदी तळाशी असलेल्या 'अनब्लॉक'च्या चौकटीत खूण, की ती चिकटलेली नोंद निघून जाते. ही चौकट इतकी खाली दडवण्याचे कारण मला आजवर कळलेले नाही. आमच्या कार्यालयात दहा-दहा वर्षे एक्सेल वापरणाऱ्यांनीही ती पाहिलेली नव्हती.

एका अशिलाकडून वर्षभराची बिले झिप करून येतात. विंडोजमधूनच ती सोडवायची असतील तर आधी त्या झिपलाच 'अनब्लॉक' करावे, म्हणजे आतल्या फाइलींना ती नोंद लागत नाही. परवा त्या सहकाऱ्याने असेच केले, मात्र त्याआधी अशिलाला फोन लावून झिप त्यानेच पाठवल्याचे विचारून घेतले.