नुसतं एक अंडं

स्वयंपाकाच्या गप्पांत 'नुसतं' हा शब्द आला की मी आता सावध होतो. 'त्यात काय, नुसतं परतायचं', 'नुसतं ढवळत राहायचं'. असं म्हणणारी माणसं तीस-तीस वर्षं ओट्यापाशी उभी असतात, हे आपल्या लक्षात येईपर्यंत पातेलं करपलेलं असतं.

माझ्या बाबतीत हा शब्द ताईच्या तोंडून आला. मी सकाळी उपाशीच कामाला जातो, हे तिला कुठून तरी कळलं. "अरे, नुसतं एक अंडं उकड, पावाच्या दोन स्लाइस भाज, कपभर दूध तापव. दहा मिनिटांचं काम!" आता अंड्याला दहा मिनिटं, दुधाला पाच, पावाला तीन, बेरीज होते अठरा. ताईच्या हिशेबात ती दहाच, कारण सगळं एकदम करायचं. तिला ते जमतं. मला चालता चालता छत्रीसुद्धा उघडता येत नाही.

तरी पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहानं तिन्ही शेगड्या पेटवल्या. दुधावर माझं विशेष लक्ष होतं. पाणी उकळलं की बुडबुडे वर येतात, फुटतात, विषय संपतो. दुधावर प्रथिनं आणि स्निग्धांशाची साय धरते, वाफ तिच्याखाली कोंडते आणि मग सगळा फेस एकदम उठून बसतो. हे मला शाळेपासून ठाऊक आहे. म्हणून मी चार मिनिटं पातेल्याकडे टक लावून उभा राहिलो. ढिम्म! जणू दूध नव्हेच, रंगवलेली भिंत. तेवढ्यात तव्यावरून वास आला म्हणून मान वळवली, आणि पाठीमागे 'सुंय्य' झालं. दुधाला डोळे नसतात हे मी आता मानायला तयार नाही.

पाव भाजताना त्यातली साखर आणि प्रथिनं एकमेकांना भेटतात आणि तो खमंग, तांबूस होतो. माय्यार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 मध्ये या प्रकाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्याचंच नाव आहे. खमंग आणि कोळसा यांच्यामध्ये साधारण अर्धं मिनिट असतं. ते अर्धं मिनिट मी दुधाकडे बघण्यात घालवलं होतं.

शेगडी पुसून, खिडकी उघडून, काळं खरवडून होईपर्यंत अंड्याला वीसेक मिनिटं झाली. बलक 65 अंशांच्या आसपास आळायला लागतो आणि 70 ला घट्ट होतो, म्हणजे सगळा खेळ पाच अंशांचा. माझं अंडं त्याच्या कितीतरी पुढे निघून गेलं होतं. बलकाभोवती हिरवट कडं, पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांचा संयोग. पण ते कडं दिसायला आधी सोलावं लागतं.

आणि मी मुद्दाम ताजी अंडी आणली होती! इथंच घात झाला. ताज्या अंड्याचा पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून असतो. दिवस जातात तसा कार्बन डायऑक्साइड कवचाच्या बारीक छिद्रांतून निघून जातो, पांढऱ्याचा अल्कधर्मीपणा वाढतो आणि पकड सुटते. म्हणजे आठवडाभर पडून राहिलेलं अंडं गुणी, आणि ताजं एक नंबर हट्टी. ओट्यावर टिचकवलं, तडा गेला. नखानं पहिली कपची उचलली. तिच्याबरोबर पांढऱ्याचा लचका आला. दुसरी निघाली चण्याच्या डाळीएवढी. तिसरी नखात गेली. पापुद्रा कुठे संपतो आणि अंडं कुठे सुरू होतं, ते काही केल्या सापडेना. शेवटी बशीत उरलं ते उंदरानं कुरतडलेल्या साबणाच्या वडीसारखं दिसत होतं. खाल्लं. दातांखाली कर्रकन वाजलं.

दुसऱ्या दिवशी शहाणपणा केला. रात्रीच चार अंडी उकडून ठेवली. फक्त ती फ्रिजमधल्या कच्च्या अंड्यांच्या रांगेतच ठेवली.

सकाळी सगळी सारखीच पांढरी, सारखीच गार. उकडलेलं अंडं गिरकी घेतं आणि कच्चं डुगडुगतं, कारण आतला रस मागे रेंगाळतो, एवढं माहीत होतं. ओट्यावर एकेक फिरवून बघायला लागलो. पहिलं डुगडुगलं. दुसरंही. तिसरं इतकं सुरेख गरगरलं की मी कौतुकानं बघतच राहिलो, आणि ते गरगरत गरगरत चौथ्यावर आदळलं. चौथं कच्चं होतं. ओट्यावरून खाली ओघळायला लागलं, ते अडवायला गेलो आणि कोपरानं तिसरं खाली.

एवढ्यात ताईचा फोन.

"काय रे, केलास का नाश्ता?"

"हो, झाला की."

"बघ! काय खाल्लंस?"

"केळं."

"नुसतं?"