‘ग्राफिक्स कार्ड नंतर बदलून मिळतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘इंजिनिअरिंगच्या पालकांनो, लॅपटॉपवर लाखभर घालवू नका’ अशा मथळ्याचा एक मेसेज नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला. आता तो ताईपर्यंत पोचलाय, आणि भाच्यासाठी जुना वर्कस्टेशन लॅपटॉप (डिझाइनच्या जड कामासाठी बनवलेला) घ्यायचा म्हणून भावोजी एम. जी. रोडवर बोलणी करून आलेत. फक्त आगाऊ रक्कम द्यायची राहिली आहे. मी अंबडला टूल डिझाइन करतो, दिवसभर अशाच मशीनवर बसतो. गप्प बसणं आता शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवर चित्र आणि मॉडेल उमटवणारा भाग) जीबीवरून ओळखा, जीबी जास्त तर कार्ड भारी. जुना वर्कस्टेशन घ्या, त्याचं कार्ड पुढे दहा मिनिटांत बदलून मिळतं. गेमिंग कार्डावर कॅड, म्हणजे संगणकावर डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, चालतच नाही. चार्जर पिन बसेल तो चालतो. आणि मशीन तापलं तर कूलिंग पॅड घ्या, वेग दुप्पट होतो.

सगळ्यात घातक आहे ते कार्ड बदलण्याचं. त्याच्याच भरवशावर लोक आज कमकुवत मशीन घेतात आणि पुढच्या वर्षी अडकतात. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप मदरबोर्डलाच, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला, सोल्डर केलेली असते. काढून दुसरी बसवायला तिथे सुटं काही नसतंच.

काही जुन्या वर्कस्टेशनमध्ये कार्ड सुटं होतं, हे मात्र खरं आहे. डेल प्रिसिजनच्या एम४८०० आणि एम६८०० मध्ये, एचपीच्या झेडबुक १७ मध्ये ते एमएक्सएम नावाच्या सॉकेटात बसतं. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढंच कुठेतरी ऐकलं आणि पुढची अर्धी गोष्ट गिळून टाकली. एमएक्सएमच्या कार्डांत दोन मापं आहेत. लहान ‘ए’ प्रकार ८२ बाय ७० मिलिमीटरचा, साधारण ५५ वॅटपर्यंतचा. मोठा ‘बी’ प्रकार ८२ बाय १०५ मिलिमीटरचा, १०० वॅटपर्यंतचा. एम४८०० लहान मापाचं मशीन आहे, त्यात मोठं कार्ड जाणार नाही. माप जुळलं तरी हीटसिंकची (चिपची उष्णता बाहेर नेणाऱ्या धातूच्या भागाची) भोकं आणि चिपची उंची जुळावी लागते. ते जुळलं तरी बायोसने (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरने) कार्ड ओळखायला हवं, नाहीतर स्क्रीन काळीच राहते. एवढं सगळं जमलं तरी चार्जरने आणि पंख्यांनी तो भार पेलायला हवा. हे दहा मिनिटांचं काम म्हणून पालकांना सांगायला जीभ कशी रेटते?

आणि इतका खटाटोप करून मिळणार काय? एम६८०० मध्ये त्या काळी मिळणारं सगळ्यात मोठं क्वाड्रो, म्हणजे वर्कस्टेशनसाठीचं, कार्ड के५१००एम, ८ जीबीचं. ते एनव्हिडियाच्या केप्लर पिढीचं आहे, आणि त्या पिढीसाठी ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ४७० या मालिकेवर थांबले. त्या मशीनचा प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा, तर विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चार वर्षं कॉलेज करायच्या मुलाच्या हातात आपण हे देणार?

‘मग बाहेरून कार्ड जोडू’ असं दुकानदाराने भावोजींना सांगितलं म्हणे. त्याला थंडरबोल्ट किंवा त्या ताकदीचा यूएसबी४ पोर्ट लागतो, वेगळा डबा लागतो, त्याचा वेगळा पॉवर सप्लाय लागतो. साध्या यूएसबीवर ते होत नाही.

आता जीबी. इथे माझ्या मताचा प्रश्नच नाही, ऑटोडेस्कने ऑटोकॅड २०२४ साठी काय मागितलंय तेवढं वाचा. किमान २ जीबीचं कार्ड आणि सेकंदाला २९ जीबी बँडविड्थ. चांगल्या कामासाठी ८ जीबी आणि सेकंदाला १०६ जीबी. म्हणजे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीच दोन आकडे सांगते, आणि मेसेज त्यातला एकच उचलतो. जीबी म्हणजे मेमरी किती, बँडविड्थ म्हणजे त्या मेमरीतून माल किती वेगाने ये-जा करतो. जीफोर्स ९४०एम हे जुनं कार्ड ४ जीबी डीडीआर३ मेमरीसह विकलं जायचं. त्याची बँडविड्थ सेकंदाला जेमतेम १६ जीबी. मेमरी किमान अटीच्या दुप्पट, वेग किमान अटीच्या जवळपास निम्मा! याउलट लॅपटॉपचं आरटीएक्स ३०५० घ्या. तेही ४ जीबीचंच, पण बँडविड्थ सेकंदाला १९० जीबीच्या आसपास जाते. दुकानात दोघांच्या स्टिकरवर ‘४ जीबी ग्राफिक्स’ एवढंच लिहिलेलं असतं.

त्यात वॅटचा घोळ वेगळा. आरटीएक्स ४०६० लॅपटॉप याच एका नावाखाली ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंतची कार्डं येतात. पातळ, देखण्या लॅपटॉपमधलं ४०६० आणि जाडजूड मशीनमधलं ४०६० सारखं पळत नाही. मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्या आणि कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये वॅट बघा. दुकानदाराला ते सांगता येत नसेल तर पैसे खिशातच ठेवा.

गेमिंग कार्डावर कॅड चालत नाही, हे साफ खोटं. ऑटोकॅड, फ्यूजन, ब्लेंडर चालतात, सॉलिडवर्क्सवर कॉलेजची असेंब्लीही (अनेक पार्ट जोडलेलं मॉडेल) चालते. सॉलिडवर्क्स किंवा एनएक्सवर शेकडो पार्टांची असेंब्ली रोज उघडणाऱ्याला प्रमाणित कार्ड आणि प्रमाणित ड्रायव्हर घेतलेला बरा, एवढं मी मान्य करतो. सॉलिडवर्क्स स्वतः अशी यादी देतं. पण पहिल्या वर्षाच्या मुलासाठी तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

चार्जरचं वाचून मात्र खरंच राग आला. एम४८०० ला १८० वॅटचा ॲडॅप्टर लागतो. त्याच पिनेचा ६५ वॅटचा लावला तर मशीन मंदावतं, आणि कामाचा जोर वाढला की चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरते. डेलच्या प्लगमध्ये मधोमध जी बारीक पिन असते, तिच्यातून लॅपटॉप चार्जरची ओळख पटवतो. डुप्लिकेट चार्जरची ओळख पटली नाही तर बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालवला जातो. लोक मग कार्ड खराब झालं म्हणून दुरुस्तीला पळतात. शिवाय हलक्या चार्जरच्या आत संरक्षण किती, याची खात्री कोणी देत नाही, आणि हॉस्टेलवर तो रात्रभर गादीशेजारी लावलेला असतो. उलट दिशा चालते: त्याच कंपनीचा, त्याच व्होल्टचा, जास्त वॅटचा चार्जर लावला तर काही बिघडत नाही. मशीनला लागेल तेवढीच वीज ते ओढतं.

कूलिंग पॅडने वेग दुप्पट होत नाही. हवा खालून घेणाऱ्या लॅपटॉपचं तापमान थोडं उतरतं, एवढंच. आमच्या अंबड-सातपूरच्या शेडमध्ये मशीन तापतात ती हीटसिंकमध्ये साचलेल्या धुळीने. ती साफ करून थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला उष्णता वाहणारा लेप) बदलली की पॅडपेक्षा जास्त फरक पडतो.

ताई, पॅडचे पैसे वाचव आणि त्याला चाक दाबता येणारा चांगला माउस घेऊन दे, मॉडेल फिरवायला-सरकवायला तेच बटण सतत लागतं. उरलेल्या पैशांत रॅमची दुसरी पट्टी बसते का ते विचार. आणि भावोजींना सांग, आगाऊ रक्कम देऊ नका. रविवारी मी सोबत येतो.